व्यायल्यानंतर बसलेली गाय: पाच दिवसांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका बागायती गावात, चार गायी आणि दोन कालवडी असलेल्या गोठ्यात हे प्रकरण घडले. मालकांची व गावाची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. गाय होलस्टीन फ्रिजियन संकरित, पाचव्या वेताची, अंदाजे ४५० किलो वजनाची होती आणि मागच्या वेतात ऐन भरात रोज २२ लिटर दूध देत होती. गोठ्यात सिमेंटचा कोबा केलेला होता. मुताचा निचरा व्हावा म्हणून त्याला मागच्या बाजूस उतार दिलेला होता आणि रोजच्या धुण्याने तो गुळगुळीत झाला होता. गायी गव्हाणीला आखूड दाव्याने बांधलेल्या असत.

दूध आटवल्यापासून मालकांनी या गायीची काळजी मनापासून घेतली होती. रोज पाटीभर लसूणघास, पेंड, मिनरल मिक्श्चर आणि त्याशिवाय सकाळ-संध्याकाळ बाटलीतले पातळ कॅल्शियम, असा तिचा शेवटच्या महिन्याचा खुराक होता. "मागच्या वेताला व्यायल्यावर जरा लटपटली होती, डॉक्टर. म्हणून या वेळी महिनाभर आधीच कॅल्शियम चालू केलं," असे त्यांनी मला नंतर सांगितले. या वाक्याकडे पुढे परत यावे लागेल.

घटनाक्रम

डिसेंबरमधील एका संध्याकाळी सहाच्या सुमारास गाय व्यायली. गोऱ्हा अंगाने मोठा होता, त्यामुळे पुढचे पाय बाहेर आल्यावर घरातील दोघांनी हलकेच ओढून मदत केली. गाय लगेच उभी राहिली, तिने वासराला चाटले आणि ठेवलेला भुसा खाल्ला. नऊ वाजता कास पूर्ण पिळून सुमारे ७ लिटर चीक काढला गेला. त्यातला काही वासराला पाजला आणि बाकीचा खरवसासाठी शेजारीपाजारी गेला. दहाला वार पडली. अकरा वाजता मालकीणबाई गोठ्यात डोकावून आल्या, तेव्हा गाय उभी होती, पण मागचे पाय आळीपाळीने उचलत होती. पहाटे पाचला पाहिले तेव्हा ती बसलेली होती आणि हाक मारूनही उठत नव्हती.

साडेसहाला गावातील एका अनुभवी माणसाने कॅल्शियमची एक बाटली अर्धी शिरेतून आणि अर्धी कातडीखाली दिली. तासाभरात गायीने मान वर केली आणि उठण्याचा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा मागचे खूर ओल्या कोब्यावर घसरले आणि तिसऱ्या वेळी दोन्ही मागचे पाय बाजूंना फाकून ती खाली आदळली. त्यानंतर तिने प्रयत्न सोडून दिला. मला फोन आला तो दुपारी बाराला आणि मी पोहोचलो एक वाजता.

तपासणी आणि निदान

गाय छातीवर बसलेली होती, मान बरगडीकडे वळलेली आणि मध्येच इंग्रजी एस अक्षरासारखी वाकलेली. नाकपुडीवरचा ओलावा पूर्ण सुकला होता. निरोगी गायीच्या नाकावर जे दवासारखे थेंब असतात त्यांचा मागमूसही नव्हता. कान हाताला गार लागत होते. तापमान ९९ अंश फॅरनहाइट, म्हणजे गायीच्या नेहमीच्या १०१ ते १०२ पेक्षा कमी. हृदयाचे ठोके मिनिटाला ९२, पण इतके क्षीण की स्टेथोस्कोप दाबून धरावा लागत होता. पोट हलत नव्हते, सकाळपासून शेण पडलेले नव्हते.

ही लक्षणे ज्या आजाराची आहेत त्याला आपण मिल्क फिव्हर किंवा दुग्धज्वर म्हणतो, आणि हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण यात ताप नसतो. उलट अंग थंड पडते. तरीही दोन पर्याय तपासणे भाग होते. वासरू मोठे असल्याने वीण होताना ओटीपोटातील मज्जातंतू दबले असण्याची शक्यता होती. मात्र व्यायल्यानंतर गाय स्वतः उठून निदान पाच तास उभी होती, म्हणून ती शक्यता मी मागे ठेवली. दुसरी शक्यता पाय फाकल्याने मांडीच्या आतील स्नायू फाटल्याची किंवा खुब्याचा सांधा निखळल्याची होती. एक एक पाय हाताने फिरवून पाहिला, सांध्यात खरखर किंवा अडथळा लागला नाही. स्नायूंबद्दल मात्र त्या वेळी खात्री देता येत नव्हती.

शरीरात काय घडत होते

एवढ्या वजनाच्या गायीच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम २ ग्रॅम कॅल्शियम असते. चिकाच्या प्रत्येक लिटरमागे मात्र साधारण तेवढेच कॅल्शियम कासेत उतरते. म्हणजे त्या रात्रीच्या ७ लिटर चिकाबरोबर रक्तातल्या साठ्याच्या सातपट कॅल्शियम काही तासांत शरीराबाहेर गेले. ही तूट भरून काढण्याची व्यवस्था शरीरात आहे: रक्तातील कॅल्शियम घटले की मानेतील पॅराथायरॉईड ग्रंथी संप्रेरक सोडतात, हाडांतून कॅल्शियम सुटू लागते, मूत्रपिंडे ते अडवून धरतात आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करतात, ज्याच्या जोरावर आतडी चाऱ्यातून अधिक कॅल्शियम ओढून घेतात. पण ही यंत्रणा पूर्ण वेगात येण्यास एक-दोन दिवस लागतात आणि वय वाढेल तशी ती मंदावते. पहिलारू गाय या आजाराने सहसा बसत नाही, पाचव्या वेताची बसते, त्याचे कारण हेच.

आता मालकांचे वाक्य. महिनाभर भरपूर कॅल्शियम मिळाल्यामुळे गायीच्या पॅराथायरॉईडला काम करण्याची गरजच उरली नव्हती, आणि ज्या रात्री तिची खरी निकड लागली त्या रात्री ती तयार नव्हती. व्यायण्यापूर्वी कमी कॅल्शियम दिल्यास हा आजार टाळता येतो, हे कॅलिफोर्नियातील बोडा आणि कोल यांनी १९५४ मध्येच दाखवून दिले होते. लसूणघासाने त्यात आणखी भर घातली. त्यात कॅल्शियम तर असतेच, शिवाय पोटॅशियम भरपूर असते. त्याने रक्त अल्कधर्मी बाजूला झुकते आणि त्या अवस्थेत हाडे व मूत्रपिंडे पॅराथायरॉईडच्या संप्रेरकाला नीट दाद देत नाहीत. मालकांनी प्रेमाने केलेली गोष्टच गायीच्या विरोधात गेली. हे त्यांना सांगताना मला शब्द जपून वापरावे लागले, कारण असा सल्ला त्यांना अनेकांनी दिलेला होता आणि त्यात त्यांचा दोष नव्हता.

कॅल्शियम घटल्यावर गाय का बसते, हेही पाहण्यासारखे आहे. माणसाच्या रक्तातील कॅल्शियम उतरले की बोटे आखडतात, पेटके येतात. पिलांना पाजणाऱ्या कुत्रीलाही असेच झटके येतात. गाय मात्र लुळी पडते. मज्जातंतूच्या टोकातून स्नायूला हुकूम पोहोचतो तो ॲसिटिलकोलीन या रसायनामार्फत, आणि ते बाहेर पडण्यासाठी तंतूच्या टोकात कॅल्शियम शिरावे लागते. कॅल्शियम घटल्याने मज्जातंतू एकीकडे हुळहुळे होतात आणि दुसरीकडे त्यांचा हुकूम स्नायूपर्यंत पोहोचत नाही. कुत्रीत पहिला परिणाम वरचढ ठरतो, गायीत दुसरा. अकरा वाजता पाय आळीपाळीने उचलणारी गाय पहिल्या टप्प्यात होती. पहाटेपर्यंत ती दुसऱ्यात गेली. पोट, आतडी, हृदय हेही स्नायूच, म्हणून रवंथ थांबते, शेण अडते, ठोके क्षीण होतात. आणि स्नायू काम करत नाहीत म्हणून अंगात ऊब राहत नाही.

पहिला निर्णय

४५० मिलिलिटरची कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची बाटली मी शिरेतून वीस मिनिटे घेऊन दिली आणि तो सगळा वेळ स्टेथोस्कोप छातीवर ठेवला, कारण हे औषध घाईने दिल्यास हृदय बंद पडू शकते. बाटली अर्धी झाली तेव्हा मांडीच्या स्नायूंत बारीक थरथर सुरू झाली. मग गायीने ढेकर दिली, आवेने माखलेले घट्ट शेण टाकले, आणि शेवटी नाकपुडीवर एकेक करून थेंब उमटले. मालकांच्या आईने ते बोटाने पुसून पाहिले आणि पुन्हा थेंब आल्यावरच त्या मागे सरकल्या.

गायीने उठण्याचा प्रयत्न केला. गाय उठताना आधी पुढच्या गुडघ्यांवर येते, डोके जोराने पुढे झोकते, त्या झोकाच्या बळावर मागचा भाग उचलते आणि मग पुढचे पाय सरळ करते. घोडा याच्या उलट, आधी पुढून उठतो. आखूड दाव्याला आणि समोरच्या गव्हाणीला अडकलेल्या गायीला डोके झोकायला जागा मिळत नाही. दावे सोडले, तरीही मागचा भाग वीतभर उचलून खाली बसला.

इथे माझा निर्णय चुकला. रक्तातील बिघाड सुधारत आहे, संध्याकाळपर्यंत ती उठेल, असे मी गृहीत धरले, मांडीखाली दोन पोती सरकवली आणि पुढच्या फोनवर निघून गेलो. गाय तेव्हा कोब्यावर बसून किमान आठ तास झाले होते, आणि त्यातील बहुतेक वेळ ती एकाच, उजव्या, मांडीवर होती. मी परत आलो सात वाजता. गाय होती तिथेच, त्याच कुशीवर होती.

दुसरा आजार

बसलेल्या गायीचे वजन खालच्या मांडीवर येते. कठीण जमिनीवर त्या भाराने स्नायूंतील बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्तपुरवठा तुटतो, स्नायू सुजतात, आणि ते ज्या चिवट आवरणात बंदिस्त असतात ते ताणत नसल्याने आतला दाब आणखी वाढतो. सहा-आठ तासांत स्नायूंचे तंतू मरू लागतात. माणसात हेच ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांमध्ये दिसते. लंडनवरील बॉम्बहल्ल्यांनंतर १९४१ मध्ये बायवॉटर्स यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले होते. गायीच्या बाबतीत ढिगारा म्हणजे तिचे स्वतःचे अंग. पहिला आजार बाटलीने बरा होतो, पण हा दुसरा, त्याच्यामागून आलेला, कोणत्याही बाटलीने बरा होत नाही, आणि बसलेल्या गायी हातच्या जातात त्या बहुतेक याच दुसऱ्या आजाराने.

संध्याकाळी मी रक्त घेतले आणि तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबला विनंती करून तपासून घेतले. दुसऱ्या दिवशी अहवाल आला: कॅल्शियम ८.१ मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास ठीक, फॉस्फरस २.४, म्हणजे कमी. आणि सीपीके, म्हणजे माणसांच्या हृदयविकारासाठी मागवतात ते स्नायूंतील द्रव्य, शेकड्यांत असायला हवे ते हजारांत होते. मांडीचे स्नायू मरत असल्याचे ते चिन्ह होते.

समोर असलेले पर्याय

अहवाल येण्यापूर्वीच, त्या संध्याकाळी, गोठ्यात दहा-बारा माणसे जमली होती आणि प्रत्येकाचे मत वेगळे होते. बहुतेकांचे म्हणणे आणखी दोन बाटल्या कॅल्शियम लावण्याचे होते. नाकावर थेंब आले होते, ठोके भक्कम झाले होते, ढेकर येत होती. या स्थितीत जादा कॅल्शियमने स्नायूंना काही मिळणार नव्हते आणि हृदयाला धोका होता, म्हणून मी नकार दिला. दुसऱ्या दिवशी अहवालात फॉस्फरस कमी दिसल्यावर सोडियम ॲसिड फॉस्फेट देण्याचे मात्र ठरवले.

शेजारच्या वस्तीवर कमरेची हाडे आवळून गाय उचलण्याची लोखंडी कैची होती. ती लावून साखळी-पुलीने गाय उभी करावी, असे दुसरे मत. पाय भार घेत नसताना कैचीत लोंबकळलेल्या गायीच्या कमरेवर जखमा होतात, हाड मोडू शकते. मी कैची आणून ठेवायला सांगितली, पण त्या रात्री लावली नाही. एका वयस्कर गृहस्थांनी कमरेवर डाग देण्यास सुचवले. "बाबा, तिची मांडी आतून आधीच जळतेय, वरून आणखी नको," एवढेच मी त्यांना म्हणालो, आणि त्यांनीही आग्रह धरला नाही. चौथा पर्याय गाय सोडून देण्याचा होता. तो कुणी मोठ्याने बोलले नाही, पण मालकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "खर्च करून उपयोग होईल का?" मी त्यांना सांगितले की गाय खाते आहे, पाणी पिते आहे आणि उठण्याची धडपड करते आहे, या तीन गोष्टी आहेत तोवर प्रयत्न करणे योग्य आहे, आणि त्यांतली कोणतीही थांबली की आपण पुन्हा बोलू.

केलेली कार्यवाही

निवड ठरली ती जागा बदलण्याची. अंगणात घराच्या कामासाठी वाळूचा ढीग पडलेला होता. दहा फूट लांब-रुंद जागेवर फूटभर वाळू पसरून वर उसाचे पाचट घातले. गायीला ताडपत्रीवर कलते करून आठ जणांनी ती ताडपत्री ओढत वाळूवर नेली. गायीचा पाय किंवा शेपूट ओढायचे नाही, एवढा एकच नियम सर्वांना घालून दिला. मागचे दोन्ही पाय पुन्हा फाकू नयेत म्हणून खुरांच्या वर, मऊ दोरीने, दोन फुटांचे अंतर ठेवून एकमेकांना बांधले. थंडी होती म्हणून अंगावर पोत्यांची झूल घातली.

दर तीन तासांनी कूस बदलण्याचे काम पूर्णपणे घरच्या माणसांवर होते. एकाने डोके धरायचे, दोघांनी कमरेला हात लावून ढकलायचे आणि खाली दबलेला पाय बाहेर काढायचा. मालकीणबाईंनी ओसरीच्या भिंतीवर खडूने रकाने आखले, वेळ आणि "डावी" किंवा "उजवी" एवढेच त्यात लिहीत गेल्या. रात्री बारा, तीन आणि सहाच्या खुणाही त्यात आहेत. माझ्या सगळ्या औषधांपेक्षा या रकान्यांनी गाय अधिक सावरली, असे माझे मत आहे.

वेदना आणि सुजेसाठी मेलॉक्सिकॅम दिले. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे, कारण ते औषध दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली; मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही, आणि बसलेली गाय मरण्याची शक्यता असते तेव्हा हा विचार आधीच करायला हवा. मेलेल्या स्नायूंतील द्रव्ये मूत्रपिंडांवर ताण आणतात, म्हणून दिवसभरात बादलीने ४० लिटर तरी पाणी पाजायला सांगितले. दुसऱ्या दिवशी मूत्र गडद तांबूस होते, तिसऱ्या दिवशी निवळले.

तिसऱ्या दिवशी छातीखालून आणि कासेच्या पुढून रुंद पट्टे घालून, कैचीचा केवळ आधारापुरता उपयोग करून, गाय पहिल्यांदा उचलली. तिने डाव्या पायावर भार घेतला, उजवा लोंबत राहिला. दोन मिनिटांनी पुढचे पायही वाकले, तेव्हा लगेच खाली उतरवले. दिवसातून दोनदा, पाय भार घेतील तेवढाच वेळ, हा क्रम ठेवला. चौथ्या दिवशी ती सात मिनिटे उभी राहिली. पाचव्या दिवशी सकाळी, पट्टे लावण्याच्या आधीच, वाळूत पुढचे गुडघे रोवून, डोके झोकून ती स्वतः उठली.

परिणाम

गाय वाचली, पण पूर्वीसारखी झाली नाही. उजव्या मागच्या पायाचा खूर पालथा पडून ती खुराच्या पुढच्या बाजूवर टेकत होती. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारा मज्जातंतू हाडालगत, कातडीच्या अगदी जवळून जातो आणि कठीण जमिनीवर तिथेच दबतो. माणसातही पायाचे प्लास्टर त्या जागी घट्ट बसले तर पाऊल लोंबते, ते याच तंतूमुळे. पीव्हीसी पाइप उभा चिरून, आत कापूस घालून खूर सरळ बांधला. तीन आठवड्यांनी चाल बहुतांशी सुधारली. त्या वेतात दूध १४ लिटरच्या वर गेले नाही.

वेगळे काय करता आले असते

रक्त मी दिलेल्या बाटलीच्या आधी घ्यायला हवे होते. कॅल्शियम देऊन झाल्यावर घेतलेल्या नमुन्यातील ८.१ हा आकडा मूळ तूट किती होती ते सांगत नाही, आणि फॉस्फरसची कमतरता एक दिवस आधी कळली असती. पहिल्या रात्री कास पूर्ण न पिळता वासरापुरता चीक काढला असता तर तूट कदाचित एवढी खोल गेली नसती. अकरा वाजता पाय उचलणारी गाय पाहून फोन झाला असता तर ती उभी असतानाच उपचार झाला असता. पण हे चिन्ह ओळखायला त्यांना कुणी शिकवलेले नव्हते.

माझ्यापुरता प्रश्न दुपारच्या एक ते सात या सहा तासांचा आहे. त्या वेळी गोठ्यात चार माणसे होती, अंगणात वाळू होती आणि ताडपत्रीही होती. मी आणखी अर्धा तास थांबून गाय हलवली असती तर उजवा पाय कदाचित वाचला असता. आता बसलेल्या गायीकडे गेलो की बाटली लावण्याआधी मी जमीन पाहतो आणि मऊ जागेची सोय करायला सांगूनच सुई हातात घेतो.

सहाव्या वेताच्या आधी तीन आठवडे लसूणघास आणि पातळ कॅल्शियम बंद केले, ज्वारीचा कडबा व मक्याचा मुरघास दिला आणि शरीर आम्लधर्मी बाजूला नेणारे क्षार खुराकात मिसळले. व्यायल्याबरोबर आणि बारा तासांनी तोंडाने कॅल्शियमचे जेल दिले, पहिल्या दिवशी चीक अर्धाच काढला. गाय बसली नाही. एका गायीवरून यातल्या कोणत्या गोष्टीने काम केले ते सांगता येत नाही. व्यायण्याची जागा आता अंगणातल्या वाळूवर असते. गोठ्यातल्या दोन जागांचा कोबा मालकांनी फोडून मुरूम टाकला; उरलेल्या दोन जागा निचऱ्याच्या अडचणीमुळे अजून तशाच आहेत, आणि तिथे ते गाभण गाय बांधत नाहीत.